माकडांचें बेट आणि त्याची राखण

माकड हा प्राणी आपल्याकडे कोणाला अपरिचित नाहीं. देवळाच्या शिखरावर, आगगाडीच्या स्टेशनावर, किल्ल्याच्या तटावर तें आपणांस भेटतें. हातांतलें केळें हिसकावून नेतें आणि वरून दांत विचकून दाखवितें. मराठींत काळ्या तोंडाच्या व लांब शेपटीच्या प्राण्यास वानर म्हणतात आणि तांबूस तोंडाच्या प्राण्यास माकड. या माकडांच्याहि दोन जाती आपल्या परिचयाच्या आहेत. दक्षिणेकडील जातीच्या डोक्यावर केंसांची टोपी घातल्यासारखी दिसते. उत्तर हिंदुस्थानांतील जातीला शास्त्रज्ञ रीसस माकड म्हणतात. या रीसस माकडानें वैद्यकशास्त्रावर केलेले उपकार फार मोठे आहेत. लँडस्टायनर व वीनर या शास्त्रज्ञांनीं मानवी रक्तांतील ज्या घटकाचा शोध १९४० सालीं प्रसिद्ध केला, त्याला या जातीच्याच नांवावरून आर. एच. हें नांव मिळालें. पुढें पोलिओची लस तयार करतांना तिचे विषाणु याच माकडांच्या मूत्रपिंडांतील पेशींवर वाढविण्यांत आले.

अशा उपयोगी प्राण्याची संशोधनाच्या वसाहतींत राखण कशी करावी, हा प्रश्न मात्र सर्वसामान्य माणसाच्या मनांत सहसा येत नाहीं. पिंजरा मजबूत असला, वेळच्या वेळीं दाणापाणी मिळालें आणि झाडलोट झाली म्हणजे काम संपलें, अशी समजूत असते. पण माकडाच्या बाबतींत एवढ्यानें भागत नाहीं. हा प्राणी वीस-पंचवीस वर्षें जगूं शकतो, टोळी करून राहतो, आपले नातलग ओळखतो आणि एकटेपणानें झुरतो. वर्षानुवर्षें एकट्यानें पिंजऱ्यांत ठेवलेलें माकड स्वतःचे केंस उपटूं लागतें, आपलाच हात चावतें, किंवा तासन् तास डोलत बसतें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञांनीं १९५० नंतरच्या काळांत असें दाखवून दिलें कीं, आईपासून तोडलेलें रीससचें पिलूं दुधाची बाटली धरलेल्या तारेच्या बाहुलीपेक्षां, दूध न देणाऱ्या पण मऊ कापडाच्या बाहुलीलाच अधिक वेळ बिलगून राहतें. त्या प्रयोगांत पिलांचे फार हाल झाले आणि त्यावर पुढें कडक टीकाहि झाली. तरीपण माकडाला अन्नाइतकीच सोबतीची भूक असते, हा निष्कर्ष कोणाला नाकारतां आला नाहीं. १९८५ सालीं अमेरिकेच्या प्राणिकल्याण कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि माकडें बाळगणाऱ्या संस्थांनीं त्यांच्या मनःस्वास्थ्याचीहि तरतूद केली पाहिजे, असें बंधन आलें. माकडें जोडीनें ठेवणें, चढण्यासाठीं फांद्या देणें, दाणे भुशांत मिसळून ते शोधण्यांत त्यांचा वेळ जाईल असें करणें, हे उपाय त्यानंतर अधिक रूढ झाले.

पिंजऱ्यांतील ही सुधारणा स्तुत्यच होय. परंतु माकडांना पिंजऱ्याबाहेर, त्यांच्याच रीतीनें जगूं देऊन त्यांचा अभ्यास करावयाचा म्हटलें, तर राखणीचें स्वरूप पार बदलतें. याचें एक जुनें व बोधप्रद उदाहरण वेस्ट इंडीजमधील प्वेर्टो रिको या बेटाजवळ आहे. त्याच्या आग्नेय किनाऱ्यापासून सुमारें एक किलोमीटर अंतरावर कायो सांतियागो नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम ३८ एकर. त्यावर माणसांची वस्ती नाहीं. तेथें रीसस माकडें राहतात, आणि तीं सर्व हिंदुस्थानांतून नेलेल्या माकडांच्या वंशांतलीं आहेत. १९३८ नंतर बाहेरचें एकहि रीसस माकड या बेटावर आणलेलें नाहीं. तरीहि अलीकडच्या काळांत तेथील संख्या दीड हजाराच्या वर राहत आलेली आहे.

या वसाहतीची कल्पना क्लॅरेन्स रे कार्पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञांची. त्यांनीं १९३१ पासून पनामामधील बारो कोलोरॅडो बेटावर आरोळ्या ठोकणाऱ्या माकडांचें, आणि १९३७ सालीं सयाम देशांत गिबन नांवाच्या बिनशेपटीच्या प्राण्यांचें निरीक्षण केलें होतें. दाट जंगलांत टोळीच्या मागोमाग हिंडणें किती कष्टाचें, आणि उंच झाडावर आज दिसलेलें माकड उद्यां पुन्हां ओळखणें किती दुरापास्त, हें त्यांना अनुभवानें ठाऊक होतें. दुसरीकडे अमेरिकेंतील वैद्यकीय संशोधकांना निरोगी रीसस माकडांची गरज होती, आणि जगावर युद्धाचें सावट पडल्यामुळें आशियांतून येणारा पुरवठा केव्हां तुटेल याचा नेम नव्हता. या दोन गरजा एकत्र आल्या. प्वेर्टो रिकोची राजधानी सान हुआन येथील उष्णकटिबंधीय वैद्यकाचें विद्यालय कोलंबिया विद्यापीठाच्या सहकार्यानें चालत असे. त्या विद्यालयाच्या योजनेप्रमाणें कार्पेंटर हिंदुस्थानांत आले. लखनौच्या आसपासच्या मुलुखांतून सुमारें ५०० माकडें जमविण्यांत आलीं व कलकत्त्याहून आगबोटीनें रवाना झालीं. कित्येक आठवड्यांच्या प्रवासानंतर क्षयाची तपासणी होऊन १९३८ च्या अखेरीस ४०९ माकडें बेटावर सोडण्यांत आलीं.

येथून राखणीचे धडे सुरू झाले, आणि पहिलाच धडा कडू होता. हीं माकडें निरनिराळ्या गांवांतलीं, निरनिराळ्या टोळ्यांतलीं, बहुतेक एकमेकांस अपरिचित अशीं होतीं. कोणाचा मान मोठा, कोणाची जागा कोणती, कोणीं आधीं खावें, कांहींच ठरलेलें नव्हतें. त्यामुळें आरंभीच्या काळांत भयंकर मारामाऱ्या झाल्या, पुष्कळ माकडें जखमी झालीं आणि लहान पिलांचा फार संहार झाला. हळूहळू टोळ्या बनल्या, त्यांच्या हद्दी ठरल्या, तेव्हां कोठें बेटावर शांतता आली. पुढें कार्पेंटर यांनीं एका बलाढ्य टोळींतील प्रमुख नर कांहीं काळ बाजूला काढून पाहिले, तर त्या टोळीचा मुलूख आकसला आणि तिच्यांतील भांडणें वाढलीं. टोळींतून एखादें माकड उचलणें हें भिंतींतला चिरा काढण्यासारखें असतें, हें यावरून ध्यानांत आलें.

दुसरा धडा पैशाचा. लवकरच दुसरें महायुद्ध पेटलें. अनुदान आटलें, बोटींची वाहतूक विस्कळित झाली, खुराकाची चणचण भासूं लागली आणि बरींच माकडें संशोधनासाठीं बाहेर पाठविण्यांत आलीं. मायकेल टोमिलिन नांवाचे प्राणिशास्त्रज्ञ तेव्हां वसाहतीची देखरेख करीत. त्यांच्यासारख्यांच्या चिकाटीमुळें बेट ओस पडलें नाहीं इतकेंच. १९५६ सालीं तेथें सुमारें १५० माकडें उरलीं होतीं. वसाहत सुरू करण्यास उत्साह पुरतो. ती चालविण्यास मात्र वर्षानुवर्षें मिळणारी निश्चित रक्कम लागते. अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत माकडाचें पोट थांबत नाहीं.

तें १९५६ सालच या बेटाचा दुसरा जन्म ठरलें. स्ट्युअर्ट आल्टमन हे तरुण संशोधक त्या वर्षीं तेथें आले. प्रत्येक माकड निश्चितपणें ओळखतां यावें म्हणून त्यांनीं माकडांना खुणा गोंदविल्या आणि शिरगणतीची वही घातली. पुढें माणसें बदललीं, संस्था बदलल्या, १९७० पासून बेट प्वेर्टो रिको विद्यापीठाच्या कॅरिबियन प्रायमेट संशोधन केंद्राकडे आलें; परंतु त्या वहीचा धागा तुटला नाहीं. दरवर्षीं ठराविक हंगामांत माकडें कुंपणाच्या कोंडवाड्यांत खुराकासाठीं आलीं म्हणजे त्यांना धरतात. वर्षाच्या पिलाच्या कानाला ठरलेल्या जागीं लहानशी खांच पाडतात, अंगावर त्याचीं अक्षरें व आंकडे गोंदतात, रक्ताचा नमुना घेतात आणि त्याला परत त्याच्या टोळींत सोडून देतात. एरवीं शिरगणतीचें काम चालू असतेंच. आज कोणतें पिलूं जन्मलें, कोणतें माकड दिसेनासें झालें, कोणता तरुण नर आपली टोळी सोडून दुसरींत शिरला, हें टिपून ठेवण्याचें काम जाणते गणक करतात. शेंकडों माकडें ते केवळ चेहऱ्यावरून व चालीवरून ओळखतात. गोंदण ही फक्त खात्रीसाठीं.

या कंटाळवाण्या दिसणाऱ्या कामांतून केवढें ज्ञान निघालें हें पाहण्यासारखें आहे. पिलूं कोणाचें दूध पितें यावरून आई कळते, आईवरून आजी कळते, आणि अशा रीतीनें पिढ्यान् पिढ्यांच्या वंशावळी तयार झाल्या. बापाचा पत्ता नुसत्या पाहण्यानें लागत नाहीं. त्यासाठीं १९९० नंतरच्या काळांत रक्ताची आनुवंशिक तपासणी उपयोगी पडूं लागली. या वंशावळींच्या आधारानें डोनाल्ड सेड व इतर संशोधकांनीं असें दाखविलें कीं, रीससच्या टोळींत मान आईकडून येतो. मोठ्या मानाच्या मादीची लेक मोठ्या मानाचीच होते. आणि नवल असें कीं, बहिणींमध्यें बहुधा धाकटीचा मान थोरलीच्या वर असतो. मुली जन्मभर माहेरच्याच टोळींत राहतात, मुलगे वयांत येतांच बाहेर पडतात. मेलेल्या माकडांचे सांगाडेहि विद्यापीठांत जतन केलेले आहेत. ज्याची आई, जन्मसाल आणि मृत्युसाल नक्की माहीत आहे असा सांगाडा हाडांच्या विकारांचा व वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्याला किती मोलाचा असेल, याची कल्पना कोणालाहि करतां येईल.

आतां रोजच्या राखणीकडे वळूं. सकाळीं समोरच्या पुंता सांतियागो गांवाहून नोकर मचव्यांतून बेटावर जातात. एवढ्याशा जागेंत झाडपाल्यावर इतक्या माकडांचें पोट भरणें शक्य नाहीं. म्हणून दाबून केलेल्या कोरड्या वड्यांचा खुराक रोज द्यावा लागतो. माकडें त्याशिवाय पाला, फळें व माती देखील खातात. बेटावर वाहतें गोडें पाणी नाहीं. पावसाचें पाणी टाक्यांत सांठवून, औषध घालून, तें पिण्याच्या जागीं पुरवावें लागतें. तेव्हां खुराक वेळेवर आला कीं नाहीं, टाकी फुटली कीं काय, मचवा चालू आहे ना, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर शेंकडों जिवांचें जगणें अवलंबून असतें. एका जागीं खुराक टाकला तर मानाचीं माकडेंच तो बळकावून बसतात. तो पसरून टाकला तर दुबळ्यांनाहि मिळतो. राखणदाराला माकडांची ही उतरंड ठाऊक नसेल, तर खुराक पुरेसा असूनहि कांहीं माकडें उपाशी राहतील.

माणसाला माकडापासून आणि माकडाला माणसापासून जपावें लागतें, हाहि या कामाचा एक मोठा भाग आहे. क्षयरोग माणसाकडून माकडांत शिरला तर वसाहतच्या वसाहत नष्ट होऊं शकते. उलट रीससच्या तोंडांत बी या नांवानें ओळखला जाणारा एक विषाणु असूं शकतो. माकडाला त्याचा फारसा त्रास होत नाहीं. पण चाव्यांतून तो माणसाच्या अंगांत गेला तर मेंदूपर्यंत पोहोंचून प्राणघातक ठरतो. १९३२ सालीं न्यूयॉर्कमधील ब्रेबनर नांवाचे तरुण डॉक्टर माकडाच्या चाव्यानंतर दगावले, तेव्हां हा विषाणु प्रथम उघडकीस आला. म्हणून बेटावर हौशी पाहुण्यांना मुक्तद्वार नाहीं. माकडाला हात लावावयाचा नाहीं, हातानें भरवावयाचें नाहीं, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवावयाचा नाहीं, कारण रोखून पाहणें ही माकडांच्या भाषेंत धमकी असते. दुपारचें जेवण माणसें जाळीच्या पिंजऱ्यांत बसून जेवतात आणि माकडें बाहेर मोकळीं हिंडत असतात. प्राणिसंग्रहालयांत आपण जें पाहतों त्याचें हें उलटें चित्र आहे.

परंतु या सर्वांहून कठिण गोष्ट अशी कीं, राखणदाराला पुष्कळ वेळां कांहींच न करतां उभें राहावें लागतें. अभ्यास निसर्गक्रमाचा करावयाचा असल्यामुळें जखमी किंवा आजारी माकडावर सहसा औषधोपचार करीत नाहींत. ज्या गणकानें एखादें माकड पिलूं असल्यापासून पाहिलें, त्यालाच त्या माकडाचा म्हातारपणीं झिजत चाललेला देह रोज पाहावा लागतो आणि एके दिवशीं वहींत त्याच्या नांवापुढें मृत्यूची नोंद करावी लागते. हा कठोरपणा वाटेल. पण तेथें प्रत्येक दुबळ्या माकडाला वांचविलें तर कोणतें माकड कां जगतें व कोणतें कां मरतें हें कधींच कळणार नाहीं. 

मग हा नियम केव्हांच मोडावयाचा नाहीं काय? मोडावा लागतो, आणि तो विचारपूर्वक मोडण्यांतच राखणदाराची खरी परीक्षा असते. मारामारींत झालेल्या जखमांतून होणारा धनुर्वात हें या बेटावरील मृत्यूंचें एक प्रमुख कारण होतें. धनुर्वाताचें मरण किती यातनामय असतें हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. शेवटीं १९८५ च्या सुमारास वार्षिक धरपकडीच्या वेळीं सर्व माकडांना धनुर्वाताची लस टोंचण्याचें ठरलें, आणि तो रोग बेटावरून नाहींसा झाला. पण एका दयेच्या कृत्यानें दुसरा प्रश्न निर्माण केला. मृत्यु घटले, संख्या भराभर वाढली, आणि बेट तर तेवढेंच! म्हणून अधूनमधून कांहीं माकडें बेटावरून काढून दुसऱ्या केंद्रांत हलवावीं लागतात. त्यांना सुटीं सुटीं उचलावें कीं संपूर्ण टोळी हलवावी, याचा निर्णय करतांना १९३८ चा कडू धडा उपयोगी पडतो.

या व्यवस्थेची मोठी कसोटी २० सप्टेंबर १९१७ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २० सप्टेंबर २०१७ रोजीं लागली. त्या दिवशीं मारिया नांवाचें प्रचंड चक्रीवादळ प्वेर्टो रिकोच्या त्याच आग्नेय किनाऱ्यावर आदळलें. त्या वादळानें व त्यामागून आलेल्या हालअपेष्टांनीं त्या देशांत सुमारें ३,००० माणसें दगावलीं. कायो सांतियागोवरील जवळजवळ दोन तृतीयांश हिरवळ नाहींशी झाली. टाक्या, कोंडवाडे, धक्का यांची धूळधाण झाली. माकडांपैकीं बहुतेक सर्व मात्र वांचलीं होतीं, आणि त्यांना खुराक व पाणी हवें होतें. बेटावरील नोकर याच किनाऱ्यावरचे. त्यांच्या स्वतःच्या घरांचीं छपरें उडालेलीं, वीज बंद, रस्ते बंद. अशाहि स्थितींत थोड्याच दिवसांत मचवे पुन्हां बेटाकडे जाऊं लागले, खुराक पोहोंचूं लागला, आणि शिरगणती पुन्हां सुरू झाली.

त्या नोंदींतून जें निघालें तें कोणाच्याहि मनाला स्पर्श करील. झाडें गेल्यामुळें उन्हांतील जमीन भट्टीसारखी तापूं लागली; उष्णमान ४० अंशांच्याहि वर जाई. सांवली ही बेटावरची सर्वांत दुर्मिळ चीज झाली. रीसस माकड स्वभावानें तापट व हक्कखोर. सांवलीच्या तुकड्यासाठीं रक्तपात होईल अशीच अपेक्षा होती. झालें उलटेंच. माकडें एकमेकांना अधिक सांभाळून घेऊं लागलीं, पूर्वीं ज्यांना जवळ येऊं देत नसत त्यांच्याशेजारीं सांवलींत बसूं लागलीं. २०२१ व २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत हें सविस्तर मांडलेलें आहे. आणि जीं माकडें अशीं मिळतेंजुळतें घेऊन राहिलीं त्यांच्या जगण्याची शक्यता वाढली, असेंहि त्यांत दिसून आलें. वादळापूर्वींच्या अनेक वर्षांची वही हाताशीं नसती, तर हा फरक कोणाच्या लक्षांतच आला नसता.

या हकीकतींत आपल्या देशाचा संबंध केवळ पहिल्या बोटीपुरता नाहीं. १९३८ नंतरहि हिंदुस्थानांतून रीसस माकडांची निर्यात चालूच राहिली, आणि पोलिओच्या लशीच्या काळांत तर ती वर्षाला लाखाच्याहि वर गेली. खुराड्यांत कोंबलेलीं कित्येक माकडें वाटेंतच मरत. १९५५ सालीं लंडनच्या विमानतळावर शेंकडों माकडें बंद गाडींत गुदमरून मेलीं, तेव्हां भारत सरकारनें निर्यात कांहीं काळ थांबविली. अखेर मोरारजी देसाई पंतप्रधान असतांना, १९७८ सालीं ती पूर्णपणें बंद करण्यांत आली. त्यामुळें परदेशी संस्थांना माकडें स्वतः वाढविणें व सांभाळणें भाग पडलें. जी वस्तु स्वस्त व अमाप मिळते तिची राखण कोणी मन लावून करीत नाहीं, हा संसारांतला अनुभव येथेंहि खरा ठरला.

प्राण्यांवर प्रयोग करावे कीं करूं नयेत, या वादांत सुबुद्ध माणसें दोन्ही बाजूंस आहेत. परंतु ज्या प्राण्याला आपण आपल्या ज्ञानासाठीं त्याच्या रानांतून उचलून आणलें, त्याच्या राखणीची जबाबदारी आपली, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. ती जबाबदारी नुसत्या कळवळ्यानें पार पडत नाहीं आणि नुसत्या शिस्तीनेंहि पार पडत नाहीं. वेळेवर खुराक व पाणी देणें, प्रत्येक जीव वेगळा ओळखणें, हात केव्हां आंवरावा व केव्हां घालावा हें जाणणें, आणि आपल्या घरावरचें छप्पर उडालें असतांहि मचवा पाण्यांत लोटणें, इतकें सारें त्यांत येतें. लखनौच्या रानांतून गेलेल्या त्या ४०९ माकडांच्या वंशजांचीं नांवें आज वहींत आहेत तीं अशा राखणदारांमुळें. आणि शास्त्राच्या ग्रंथांत ज्यांचीं नांवें येत नाहींत असे मचवेकरी, गणक व खुराक वाटणारे नोकर हेच त्यांतले बहुसंख्य आहेत.